बँड का मोडला, तुम्ही विचारलंत म्हणून

इथे आयर्लंडात, लिमरिकच्या आपल्या गणपतीत विचारता, कोजागरीला विचारता, गेल्या महिन्यात तर दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलो होतो तिथे एकांनी विचारलं. "तो तुमचा बँड हो, तोंडाला चमकी लावून वाजवायचात तो. चांगला चालला होता की! मोडला कसा काय?"

आजवर मी तीन उत्तरं दिली आहेत. २०१३ च्या गणपतीत कुणीतरी हातात माइक दिला, तेव्हा ‘मंदी’ म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण त्या वर्षी मंदीच्या नावावर काहीही खपत होतं. एका वहिनींना सांगितलं की मुलगी लहान होती, अपरात्री घरी येणं जमेना. आणि पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना, जरा भाव खावा म्हणून, ‘सांगीतिक मतभेद’ असं सांगितलं. तुम्ही सगळे एकमेकांना भेटता, फोनवर बोलता, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. आता तिन्ही उत्तरं मिळून माझ्याच दारात येऊन उभी राहिली आहेत. म्हणून एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं तर हाच कागद हातात देईन.

पहिली गोष्ट, चांगला वगैरे चालला नव्हता. माझ्या वहीत नोंद आहे. डिसेंबर २००७ ते डिसेंबर २०१२, एकूण १४३ कार्यक्रम. त्यातले ३१ एनिस गावातल्या एकाच पबच्या मागच्या खोलीत. तिथलं स्टेज म्हणजे बिअरच्या क्रेटवर टाकलेल्या फळ्या. पाच गाण्यांची एक सीडी काढली, ५०० प्रती. दोनशेच्या वर अजून माझ्या माळ्यावर आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा, पोस्टाचा खर्च माझा. एका रात्रीचे ४०० युरो मिळाले की आम्ही खूश. डिझेल, स्पीकरचं भाडं आणि परतीच्या वाटेवरचे चिप्स वजा जाता माणशी साठ-सत्तर हाती यायचे. मोठं व्हायचं स्वप्न गायकाला होतं. बेसवाल्याला नव्हतं. गिटारवाल्याला होतं की नाही, हे पाच वर्षं शेजारी वाजवूनही मला कळलं नाही.

आमचा हंगाम म्हणजे डिसेंबर. आमचं ग्लॅम रॉक, म्हणजे चमकी, भडक कपडे आणि ठेक्याची गाणी. त्यातल्या स्लेड या इंग्रज बँडचं ख्रिसमसचं गाणं आलं १९७३ मध्ये, आणि तेव्हापासून इकडच्या लहानसहान ग्लॅम बँडची वर्षाची बेगमी त्या एका महिन्यावर. ऑफिसांच्या पार्ट्या, रग्बी क्लबांची जेवणं, चाळिशीचे वाढदिवस. आपल्याकडच्या बँजो पार्टीची लग्नसराई असते तसंच. उरलेले अकरा महिने आम्ही आमची स्वतःची गाणी वाजवायचो आणि लोक आमच्याकडे पाठ करून गप्पा मारायचे. एका माणसाची गाणी मात्र आम्ही कधीच घेतली नाहीत. सत्तरच्या दशकातला ग्लॅम गायक गॅरी ग्लिटर, त्याला १९९९ मध्ये लहान मुलांच्या अश्लील चित्रांपायी शिक्षा झाली, त्यानंतर ती वाजवणं शक्यच नव्हतं. तरी कुणीतरी पिऊन त्याचीच फर्माईश करायचं, आणि गायक "पुढचं!" म्हणून मोकळा व्हायचा.

मी त्यात कसा शिरलो हे बहुतेकांना ठाऊक आहे. प्लासीतलं ऑफिस. (होय, तीच प्लासी. क्लाइव्हने लढाईचं नाव लिमरिकजवळच्या आपल्या जमिनीला दिलं, आणि अडीचशे वर्षांनी मी तिथे पगार घ्यायला आलो.) कँटीनच्या फळ्यावर चिठ्ठी होती, ड्रमर हवा. लहानपणी वाईत तबला शिकलो होतो, मध्यमापर्यंत जाऊन सोडलेला. ड्रमवर इथे आल्यावर हात बसवला, तोही शेजाऱ्यांच्या मेहरबानीने. पहिल्या तालमीला त्यांनी एक जुनं ग्लॅम गाणं लावलं. बेसवाला म्हणाला, हे शफल आहे, अवघड असतं, जमेल का? मी ऐकलं. तिश्र जाती! मात्रेचे तीन भाग, मधला रिकामा. गुरुजींनी मांडीवर टाळी देऊन हेच तर घोटून घेतलं होतं. मी वाजवायला लागलो तसे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या आयुष्यात माझ्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा.

आणि ते फ्रेडीचं. ग्लॅम बँडमध्ये सावळा माणूस दिसला की लोकांच्या तोंडी एकच नाव येतं. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. पारशी, जन्म झांझिबारचा, पण शाळा पाचगणीची, आणि त्या शाळेतच त्याने पहिला बँड केला. आमचं वाई घाटाखाली. पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. हे मी एकदा सहज गायकाला बोललो आणि फसलो. त्या दिवसापासून तो स्टेजवरून सांगायचा की आमच्या ड्रमरच्या आजोबांनी फ्रेडीला ढोल शिकवला. आजोबा एसटीत कंडक्टर होते. फार तर त्याचं तिकीट फाडलं असेल. पण टाळ्या पडायच्या आणि मी काठी उंचावून त्या घ्यायचो. आवडायचं मला.

माझे मेव्हणे या सगळ्याला फॅन्सी ड्रेस म्हणतात, आणि मावशी फोटो बघून म्हणाली होती, "बालगंधर्व झालास की काय!" मावशीचं मी मनाला लावून घेतलं नाही, कारण तिच्या तोंडी ती शिवी नव्हती. मेव्हण्यांसाठी मात्र थोडं सांगतो. ग्लॅम आयर्लंडमध्ये कधी नीट रुजलंच नाही. सत्तरच्या सुरुवातीला इथे शोबँडचं राज्य. एकसारखे सूट घातलेली सात-आठ माणसं, गावोगावचे बॉलरूम. टीव्हीवर आयरिश वाहिनी एकच, दुसरी यायला १९७८ चा नोव्हेंबर उजाडला. डब्लिनकडे आणि उत्तरेत छपरावर उंच अँटेना लावली की बीबीसी दिसायचं, गालाला चमकी लावलेला ग्लॅम गायक मार्क बोलन दिसायचा. इकडे पश्चिमेला नुसत्या मुंग्या. तरीही हॉर्सलिप्ससारखे लोक निघाले. भडक पोशाख करून आयरिश पुराणकथा इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारे. आणि थिन लिझी या बँडचा गायक आणि बेसवाला फिल लायनट. १९७२ मध्ये थिन लिझी स्लेडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होते आणि लोक हुर्यो उडवत होते. स्लेडचा मॅनेजर चॅस चँडलर लायनटला म्हणाला की असंच खांबासारखं उभं राहायचं असेल तर दौरा सोड. स्लेडचा गायक नॉडी होल्डर, त्याच्या टोपीवर आरसे होते. पुढे लायनटच्या काळ्या बेसवर आरसा आला, आणि त्या आरशातून तो शेवटच्या रांगेपर्यंत उजेड फेकायचा. सावळा आयरिश पोरगा, डब्लिनच्या क्रमलिनमध्ये आजीजवळ वाढलेला. हॅरी स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे, जाऊन बघा. तेव्हा चमकण्याला हसू नका. अंधाऱ्या खोलीत मागच्या माणसापर्यंत पोचायची ती एक रीत आहे.

झालं, मेव्हण्यांपुरतं एवढं पुरे.

आता डिसेंबर २०१०.

सत्तरच्या दशकातला एक इंग्रज ग्लॅम बँड आयर्लंडमध्ये येणार होता. नाव घेत नाही, मूळ चौघांपैकी एकच उरला होता. डब्लिनच्या कार्यक्रमात त्यांच्या आधीची पंचवीस मिनिटं आम्हाला मिळाली. शुक्रवार, ३ डिसेंबर. पैसे १०० युरो, म्हणजे डिझेलपुरते. पण गायकाने कुठूनसं ऐकलं होतं की त्या रात्री लंडनहून एक एजंट येणार आहे. देशाची दशा तुम्हाला आठवत असेल. आदल्या रविवारीच सरकारने युरोप आणि आयएमएफच्या ८५ अब्जांच्या पॅकेजवर मान तुकवली होती, पुढच्या मंगळवारी बजेट होतं, आणि वरून असा बर्फ की इथल्या म्हाताऱ्यांनीही तोंडात बोट घालावं. अशा दिवसांत ‘लंडनहून एजंट’ हे दोन शब्द म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

बुधवारी गिटारवाल्याचे वडील गेले.

त्याचं गाव टिपरेरी जिल्ह्यातलं, लिमरिक-डब्लिन जुन्या रस्त्यावर, टूमेव्हारा-मनीगॉलच्या पट्ट्यातलं. वडील शेतकरी, चाळीसेक गाई. एकदाच आमच्या कार्यक्रमाला आले होते, नीना नावाच्या गावात. अंगातला कोट न काढता मागे उभे राहिले, आणि निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू वेळ बरा धरतोस." ते माझ्या वाजवण्याबद्दल बोलत होते. पाच वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात चांगली दाद.

गुरुवारी रात्री गिटारवाल्याचा फोन आला. शुक्रवारी चार ते सात दर्शन, मग देह चर्चमध्ये, शनिवारी अकराला अंत्यविधी. आणि मग म्हणाला, "कार्यक्रम सोडू नका. त्या कॉलेजच्या पोराला घ्या, त्याला आपली गाणी येतात. बाबांनाही तेच आवडलं असतं."

या वाक्याच्या आडोशाला मी कितीतरी वर्षं बसलो. तोच म्हणाला ना, जा म्हणून! पण मला सांगा, ‘काही आणू नका हं’ म्हणणाऱ्याच्या घरी आपण रिकाम्या हाताने जातो का? ‘उगाच कशाला एवढ्या लांब येताय’ म्हणणाऱ्याच्या दारात आपण पहिल्या गाडीने हजर होत नाही का? आणि आयरिश माणूस या बाबतीत आपला सख्खा भाऊ. चहा तीनदा नको म्हणेल आणि चौथ्यांदा विचारलं नाही तर जन्मभर लक्षात ठेवेल. इथे मयतीला जाणं हा केवढा विषय आहे ते तुम्ही पाहिलंय. स्थानिक रेडिओवर रोज नावं वाचतात, आरआयपी डॉट आयई ही मृत्यूच्या बातम्यांची वेबसाइट लोक वर्तमानपत्रासारखी उघडतात. कोण आलं, कोण नाही, हे कुणी बोलत नाही आणि कुणी विसरत नाही.

आम्ही तिघं माझ्या स्वयंपाकघरात बसलो. गायक म्हणाला, जायचं. बेसवाला बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत होता, मग म्हणाला, "मला नाही वाटत बरं." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. बायको ओट्याशी उभी होती, तिची पाठ मला दिसत होती. मी म्हणालो, तोच म्हणतोय ना जा, मग जाऊ या. उद्या रात्री परत येऊ, सकाळी अंत्यविधीला सगळे जाऊ.

नंतर मी स्वतःला समजावलं की मी परका, इथल्या रीतीभाती मला काय ठाऊक. साफ खोटं आहे हे. वाईत गल्लीत मयत झाली की चुलीवरचं तसंच ठेवून माणसं निघायची. मी सात वर्षांचा असताना वडिलांचा हात धरून अशा किती दारांत उभा राहिलोय. मला रीत पुरती ठाऊक होती. मला ते पंचवीस मिनिटं वाजवणं हवं होतं. छत्तिशी गाठली होती, आणि पुन्हा कुणी विचारेल असं वाटत नव्हतं.

व्हॅन मी चालवत होतो, कारण तिघांत न पिणारा मीच. तिथे पोचल्यावर कपडे बदलायला खोली मिळणार नव्हती, म्हणून गायक पुढच्या सीटवर बसून छोट्या आरशात तोंड रंगवत होता. मागे बेसवाला आणि ते एकोणीस वर्षांचं पोरगं, मांडीवर गिटार घेऊन. नवा मोटरवे जवळजवळ तयार होता. मधला तुकडा त्याच महिन्यात, आम्ही गेलो त्यानंतर थोड्याच दिवसांत उघडला. आता तुम्ही लिमरिकहून डब्लिनला जाता तेव्हा ती गावं तुम्हाला दिसतही नाहीत. आम्ही तीन आठवडे उशिरा गेलो असतो तर बाहेरच्या बाहेर निघून गेलो असतो. पण त्या शुक्रवारी रस्ता गावाच्या मधूनच जात होता, आणि दुसरा रस्ता धरायचा तर बर्फात अडकायची भीती.

पावणेचारला आम्ही गावात शिरलो. खांबांवर निळे-पिवळे झेंडे अजून होते. सप्टेंबरात टिपरेरीने शेजारच्या किल्केनीला हरवून हर्लिंगचा, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचा, कप आणला होता, त्याचे. आणि रस्त्याच्या कडेने रांग. दर्शन सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती, तरी साठ-सत्तर माणसं बर्फात उभी. काळे कोट, हातात टोप्या, कुणी बोलत नव्हतं. गाड्या लावायची व्यवस्था गावच्या हर्लिंग क्लबची पोरं बघत होती, पिवळी चकाकणारी जाकिटं घालून. त्यातल्या एका वयस्कर माणसाने हात वर करून आमची व्हॅन थांबवली.

मी काच खाली केली.

"आत घ्या पोरांनो," तो म्हणाला. "डावीकडच्या शेतात. जरा जपून, घसरतंय." व्हॅनमध्ये ड्रम दिसत होते, त्याने ओळखलं असणार. "तुम्ही बँडवाले ना? चांगलं केलंत आलात ते."

मग त्याची नजर गायकाकडे गेली. अर्धा चेहरा रुपेरी, अर्धा तसाच. गायक समोर बघत राहिला. मला अजून नीट आठवतं, मी त्या डावीकडच्या फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. आत गाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. पाच मिनिटांचं काम होतं. उतरायचं, रांगेत न थांबता पुढे जायचं, कुणी काही म्हणालं नसतं, हात मिळवायचा, निघायचं. त्या अर्ध्या रंगवलेल्या तोंडासकट गेलो असतो तरी चाललं असतं. उलट त्याच्या आईला ते कदाचित आवडलंही असतं.

मी म्हणालो, "नाही, आम्ही पुढे चाललोय. उद्या येऊ."

तो माणूस दोन पावलं मागे सरला. रागावला नाही, काही नाही. त्याने हात असा केला, जा म्हणून, आणि मागच्या गाडीकडे वळला. मी पहिला गिअर टाकला. रांगेच्या कडेकडेने, चालण्याच्या वेगाने, सगळी रांग संपेपर्यंत. व्हॅनच्या दोन्ही अंगांवर बँडचं नाव मोठ्या गुलाबी अक्षरांत रंगवलेलं होतं. गिटारवाल्यानेच रंगवलं होतं ते.

कार्यक्रमाचं सांगायचं तर एजंट आला नाही. बर्फामुळे विमान नव्हतं, किंवा तो मुळात येणारच नव्हता. हॉल निम्म्यापेक्षा कमी भरलेला. आणि आम्ही जन्मात वाजवलं नव्हतं तसं वाजवलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो. त्या पोराची बोटं काय धावत होती! तिसऱ्या गाण्यात त्याने गिटारवाल्याची ओळ थोडी फिरवून घेतली आणि मला वाटलं, हे गाणं इतकं चांगलं आहे हे आजवर ठाऊकच नव्हतं. लोक पुढे सरकले. माझा ठेका त्या रात्री कुठेही डगमगला नाही. वाईट वाजलं असतं तर बरं झालं असतं. शिक्षा झाली, हिशेब मिटला, असं म्हणता आलं असतं.

पहाटे चारला लिमरिकला पोचलो, साडेआठला परत निघालो. चमकी जेलमध्ये कालवून लावायचो आम्ही. ती एका आंघोळीत जात नाही हे कुठलाही ग्लॅमवाला सांगेल. मी दोनदा डोकं धुतलं. चर्चमध्ये मागे उभे राहिलो. नंतर रांग, घरच्यांचे हात हातात घ्यायचे आणि म्हणायचं, तुमच्या दुःखात आम्ही आहोत. इथे सगळे एकच वाक्य म्हणतात, आणि मला ती पद्धत फार शहाणपणाची वाटते. आईने माझा हात सोडला नाही, उलट जवळ ओढून मिठी मारली. बुटकी बाई, तिचं डोकं माझ्या छातीशी. ती बाजूला झाली तेव्हा तिच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर रुपेरी ठिपके होते. पाच-सहा. तिच्या ते लक्षात आलं नाही. शेजारी गिटारवाला उभा होता. त्याने ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि म्हणाला, "आल्याबद्दल थँक्स." पुढच्या माणसालाही तेच म्हणाला, त्याच आवाजात. जेवायच्या वेळी सँडविचची ताटली पुढे करत त्याने विचारलं, "कसं झालं काल?"

मी म्हणालो, "ठीक झालं."

पुढच्या आठवड्यात कुणीतरी तिसऱ्या गाण्याची क्लिप यूट्यूबवर टाकली. त्याने ती पाहिली की नाही मला ठाऊक नाही. तो एकदाही त्याबद्दल बोलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे त्यामुळे मोडला. थांबा. वही बघा. त्या रात्रीनंतर आम्ही ५८ कार्यक्रम केले. मोडलेला बँड ५८ कार्यक्रम करतो? इथे माणूस गेल्यावर एका महिन्याने त्याच्या नावाने प्रार्थना असते, आपल्या मासिक श्राद्धासारखी, तिला मी गेलो होतो. एकटाच गेलो, आणि गिटारवाल्याने मला घरी जेवायला नेलं. तालमी झाल्या. दोन नवी गाणी बसवली, त्यातलं एक त्याचं. आणि मंदी खोटी नव्हती हो! शहराबाहेरच्या कारखान्याने २००९ च्या जानेवारीत १९०० माणसं कमी करायचं जाहीर केल्यापासून लिमरिकच्या पबांतून शुक्रवारची गर्दीच उठली. ४०० चे २५० झाले, कुठे कुठे नुसतं जेवण. बेसवाल्याचं काम सुटलं, तो २०१३ च्या सुरुवातीला पर्थला गेला, अजून तिथेच आहे. मुलगीही खरंच लहान होती. मी दिलेल्या तीन उत्तरांतलं एकही खोटं नाही. सांगीतिक मतभेद सोडून.

फक्त एक गोष्ट. त्या डिसेंबरनंतर गिटारवाल्याने कधी चमकी लावली नाही. काळा शर्ट घालून यायचा, कडेला उभा राहून वाजवायचा, आणि वाजवायचा अगदी चोख. आधी तो गायकाबरोबर वरच्या पट्टीत ओरडायचा, ते थांबलं. गायकाने एकदा विचारलं, तर म्हणाला, अंगाला खाजतं. सुतक असेल, मी मनाशी म्हणायचो. मग वर्ष झालं, दीड वर्ष झालं. आणि चौघांतला एक काळ्या शर्टात म्हटल्यावर बाकी तिघं कसे दिसतात, हे मला मागून, ड्रमवरून, रोज दिसायचं. आम्ही सोंगं दिसायला लागलो होतो. मेव्हणे म्हणतात तसे.

बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "तू उगाच स्वतःला मोठा करतोस. चार जणांच्या बँडमध्ये एका ड्रमरने गाडी थांबवली नाही म्हणून काही होत नसतं. त्यांना कंटाळा आला, संपलं." ती त्या रात्री ओट्याशी पाठ करून उभी होती. मी तिला कधी विचारलं नाही की तेव्हा ती काही बोलली का नाही. ती म्हणेल, मला कुणी विचारलं होतं? हेही बरोबरच आहे.

आईला मी हे २०१५ मध्ये सांगितलं, वाईला गेलो होतो तेव्हा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी दारावरून नेलीस?" मग भाजी निवडायला लागली.

दोन वर्षांपूर्वी गिटारवाल्याची आई गेली. आरआयपी डॉट आयईवर पाहिलं. शुक्रवार, चार ते सात. मी ऑफिसमधून बाराला निघालो. मोटरवेने गेलो, मग उतरून जुन्या रस्त्याला लागलो. साडेतीनला गावात होतो. तीच पिवळी जाकिटं, माणसं नवी. डावीकडच्या शेतात गाडी लावली, चिखल होता. रांगेत माझ्या पुढे दोघंच. दार उघडल्यावर आत गेलो, तो शवपेटीच्या डोक्याशी उभा होता, केस पांढरे झालेले. हात मिळवला. म्हटलं, तुझ्या दुःखात मी आहे.

"लवकर आलास," तो म्हणाला.

मागून माणसं येत होती, मला पुढे सरकावं लागलं.